मागितल्यावर गप्प बसायचं

छत्रपती संभाजीनगरात ज्यांच्या संस्था आहेत, त्यांच्यापुढं प्रेरणाचं नाव काढलं की आधी त्यांचं तोंड वाकडं होतं आणि मग तेच लोक हळूच तिचा नंबर मागतात. बाईला बोलावल्यावाचून भागत नाही आणि बोलावलं की पचत नाही. ती प्रशिक्षण देते. कोणाला, तर संस्थांच्या विश्वस्तांना. कशाचं, तर देणगी मागायचं. वसतिगृह असो, बालवाडी असो, वृद्धाश्रम असो, त्यासाठी ओळखीच्या माणसाकडं तोंड उघडून कसं मागायचं हे ती शिकवते, आणि शिकवता शिकवता माणसाची अशी सालटी काढते की तिच्या शिबिरातून डोळे पुसत बाहेर पडलेले दोन-चार डॉक्टर आणि एक निवृत्त तहसीलदार अजून या शहरात हिंडताहेत.

विश्वस्त या प्राण्यावर तिचा राग होता आणि तो उगाच नव्हता. लग्न होऊन मुकुंदवाडीत आल्यावर ती स्टेशनजवळच्या वस्तीत एका संस्थेच्या बालवाडीवर लागली होती. संस्थेला बाहेरून पैसा यायचा, तो एका वर्षी थांबला. विश्वस्तांची बैठक बसली. एक डॉक्टर, एक बिल्डर, दोन प्राध्यापक. त्यांनी कचोऱ्या खाल्ल्या, चहा प्याला आणि परिस्थिती गंभीर आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. प्रेरणा कप उचलत होती. तिनं विचारलं, "सर, तुमच्या ओळखीत कोणी देणार नाही का?" बिल्डर म्हणाला, "अहो ताई, मागायचं म्हटलं की आपल्याला कसंतरीच होतं."

त्याच्या त्या कसंतरीच होण्यापायी बालवाडी बंद पडली. कुलूप लावायला प्रेरणालाच पाठवलं. पोरं डबे घेऊन दारात उभी होती, कारण त्यांच्या आयांना कळवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. त्या पोरांना एकेकाला घरी पाठवताना तिला जी चीड आली, ती आजतागायत उतरलेली नाही.

पुढं तिनं पुण्याला जाऊन कोर्स केला, एका सल्लागाराच्या हाताखाली भिंतीला तक्ते चिकटवत गावोगाव फिरली आणि मग स्वतःचं दुकान मांडलं. बाकीचे प्रशिक्षक फुगे फुगवायला लावतात, सुतळीचं जाळं विणायला लावतात, रंगीत चिठ्ठ्यांवर स्वप्नं लिहून घेतात. विश्वस्तांना ते आवडतं, कारण त्यात कोणाला काही मागावं लागत नाही. प्रेरणाचा कारभार वेगळा. सकाळचा चहा झाला की ती फळ्यावर एकच ओळ लिहायची, 'भीड भिकेची बहीण', आणि म्हणायची, "फोन काढा." प्रत्येकानं तिथल्या तिथं, सगळ्यांच्या देखत, स्पीकर लावून, आपल्या ओळखीच्या एका माणसाला फोन करायचा आणि संस्थेसाठी मागायचं. काय पाहिजे ते नाव घेऊन सांगायचं. माफ करा, त्रास देतो, जमलं तर बघा, असली भाषा वापरायची नाही. मागून झालं की गप्प बसायचं. समोरचा बोलेपर्यंत हूं की चूं करायचं नाही, कारण मागणारा आधी बोलला की तो स्वतःच आपली मागणी खाली आणतो. आणि समोरून 'नाही' आलं तर तोंड पाडायचं नाही. 'बरं' म्हणायचं आणि पुढचा फोन लावायचा.

हा गप्प बसायचा नियम तिचा खास होता. हे कुठं शिकलात असं कोणी विचारलं तर ती सांगायची, पुण्याला.

अशा या बाईनं स्वतःसाठी मात्र जन्मात कोणाला काही मागितलं नव्हतं. सिल्लोडच्या अलीकडं, जळगाव रस्त्याला लागून तिच्या वडिलांचं, बद्रीनाथांचं शेत. घर देणारं. दारात मागायला माणसं यायची, घरातलं कोणी कोणाच्या दारात जायचं नाही, आणि घरातल्या पोरींनी तर घरातसुद्धा मागायचं नाही. जे ताटात पडेल ते गोड मानायचं. धाकटा भाऊ सोमनाथ याला मोटारसायकल आली तेव्हा प्रेरणा कॉलेजला एसटीनं उभ्यानं जात होती, आणि तिला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते फार पुढं, आणि एकदा वाटायला लागल्यावर थांबेना.

बद्रीनाथ वारले. सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, सोमनाथ आणि प्रेरणा अशी तिघांची नावं लागली. रस्ता रुंद झाला तशी त्या जमिनीला किंमत आली, आणि सोमनाथचा फोन आला. "ताई, येत्या सोमवारी सिल्लोडला ये. हक्कसोडीची सही करायचीय. फोटो, अंगठा, झालं. जेवायलाच ये घरी." पाठोपाठ आई, आवडाबाई, बोलली. "साडी आनून ठिवलीय बघ तुला. तुझ्या आवडीचा रंग हाय."

आपल्याकडं हे असंच चालतं. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची, आणि मग दिवाळी-पंचमीला माहेरचं दार उघडं राहतं. जिनं सही केली नाही तिचं काय होतं हेही गावाला तोंडपाठ असतं. कायदा मुलीच्या बाजूनं आहे हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण कायदा पंचमीला लेकीला न्यायला मूळ धाडत नाही.

प्रेरणाला ती जमीन पाहिजे होती. अडचण होती म्हणून नव्हे, नवरा वाळूजला कंपनीत कमावत होता, तिचंही बरं चाललं होतं. त्या शेतात तिनं बोटं रक्ताळेपर्यंत कापूस वेचला होता, सोमनाथ तेव्हा झाडाखाली झोपलेला असायचा, आणि आता साडीच्या बदल्यात ते सगळं पुसायचं म्हणत होते. याचा तिला संताप होता. पण आईचा आवाज ऐकला की तो संताप घशाच्या वर येत नव्हता. ती सोमनाथला म्हणाली, "बघू." शिबिरात 'बघू' हा शब्द कोणी उच्चारला तर ती त्याला फाडून खायची.

सोमवारच्या आधीच्या शनिवारी तिचं शिबिर होतं. हर्सूलच्या पुढं, मेंढपाळांच्या पोरांसाठी चालवलेल्या एका वसतिगृहात. आईबाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, पोरं इथं राहून शिकतात. एक कंपनी सगळा खर्च उचलत होती. तिनं आता निरोप धाडला होता की विश्वस्तांनी स्वतः लोकांकडून काही जमवून दाखवावं, नाहीतर पुढच्या वर्षी आमचा हात आखडता होईल. म्हणून प्रेरणा. कंपनीनंच तिला लादली होती, आणि विश्वस्तांनी तिला पहिल्या नमस्कारापासूनच ते जाणवून दिलं. पंखा विश्वस्तांच्या डोक्यावर होता, तिची खुर्ची उन्हात.

संस्थेचे अध्यक्ष खंडेराव. पांढरेशुभ्र कपडे, बोटात अंगठी, रस्त्यांची ठेकेदारी. त्यांचे वडील केरबा मेंढरांमागं हिंडले, खंडेराव जेसीबीमागं. हे वसतिगृह त्यांनीच उभं केलं होतं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. सचिव अजिनाथ सर, माध्यमिक शाळेतले शिक्षक, बोलायला लागले की परिपाठच सुरू. बाकी नात्यागोत्यातली माणसं.

पहिला बळी अजिनाथ सरांचा. त्यांनी सिल्लोडच्या एका कापूस व्यापाऱ्याला फोन लावला.

"नमस्कार शेठ. ओळखलं का? हां, अजिनाथ. काही नाही, असंच, सहज केला होता फोन. पाऊसपाणी काय म्हणतंय? तब्येत? वहिनी? बरं बरं. नाही, काम असं काही नव्हतं. ठेवतो."

खोली हसली. प्रेरणा हसली नाही.

"सर, घरची पोरं उपाशी असती तर शेठची आणि वहिनींची तब्येत विचारत बसला असतात?" ती म्हणाली. "असंच, सहज! अहो, सहज फोन करायला तुम्ही काय लग्नाची पत्रिका वाटताय? तुम्हाला मागायचं नाहीच. तुम्हाला फक्त विश्वस्त म्हणून स्टेजवर शाल पाहिजे. शाल घेताना नाही कधी कसंतरीच होत?"

अजिनाथ सरांचे कान लाल झाले. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना बाकावर उभं केलं होतं, त्यामुळं त्यांना हे जास्तच लागलं. प्रेरणाला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

"आता अध्यक्ष," ती म्हणाली. "खंडेराव, फोन लावा."

"मी नाय लावनार."

"का?"

"मागायचं आमाला कुनी शिकवायची गरज नाय."

"असं? मग तुमची पोरं एका कंपनीच्या जिवावर का जेवतात? ज्यांचे रस्ते तुम्ही बांधलेत त्यातल्या एकाला तरी कधी मागितलंत?" तिथं तिनं थांबायला हवं होतं, पण तिला सोमवार खात होता आणि समोर एक ताठ मानेचा माणूस आयता बसला होता. "मी सांगते का ते. तुम्ही आता मोठे झालात. मागायला गेलात तर लोक म्हणतील, मेंढरामागचं पोर परत दारात आलं. त्याची लाज वाटते तुम्हाला."

कोणीतरी खुर्ची मागं सारली. खंडेरावांनी मात्र चेहरा हलू दिला नाही. ते म्हणाले, "ते मागून झाल्यावर गप बसायचं मनता तुमी. कुठून आनलं?"

"पुण्याला शिकले मी."

"साफ झूट," खंडेराव म्हणाले. "ते माझ्या बापाचं हाय. ऐका रे सगळे. ह्या बाईच्या बापाचं शेत हाय सिल्लोडच्या रस्त्याला. कापूस निघाला की माझा बाप, केरबा, मेंढरं घिऊन तिथं जायचा. खताला मेंढरं बसवायची, बदल्यात जवारी मागायची. एकदाच मागायचा. 'मालक, मेंढरं बसवितो, इतकी जवारी लागंल.' आन बांधावर बसायचा घोंगडं टाकून. हिचा बाप शिव्या द्यायचा, हाकलायचा, पुन्हा यायचा, भाव पाडायचा. माझा बाप गप. उन्हात गप. शेवटी हिचाच बाप वरडायचा, बसव बाबा, बसव. मी पाहिलंय. मी मेंढरात होतो." ते प्रेरणाकडं वळले. "आन तुमी पन पाहिलंय. लिंबाखाली उभ्या असायच्या तुमी, परकरात."

प्रेरणाला ते सगळं लख्ख आठवलं. आठवायला ती विसरलीच कधी होती? बांधावरचा तो काळा माणूस, त्याचं घोंगडं, आणि आपल्या बापाची होणारी तडफड. अख्ख्या गावाला गप्प करणारा बाप एका गप्प माणसापुढं हरायचा, हे तिनं दरवर्षी बघितलं होतं. केरबाचं नाव सांगितलं असतं तर शहरात कोणी मानधन दिलं नसतं, म्हणून तिनं पुणं सांगितलं.

"आमच्या तीन पिढ्या तुमच्या बांधावर मागत बसल्या," खंडेराव म्हणाले. "तुमच्या घरानं कुनाला काय मागितलं सांगा. तुमी काय मागितलं? ह्या बाई सोमवारी सिल्लोडला हक्कसोडीची सही करायला चालल्यात. गपचिप. मला कसं ठाव? साक्षीदार मी हाय. सोमनाथ मनला मला, आन्ना, या तुमी, पाच मिनिटाचं काम हाय, ताई काय बोलनार नाय. आमची ताई लई गरीब."

आधी कोणाला खरंच वाटेना. मग हसू फुटलं, मागच्या रांगेतून पुढं आलं, आणि सकाळपासून सोललेली ती सगळी माणसं पोट धरून हसायला लागली. गरीब! ही गरीब! अजिनाथ सर उठून उभे राहिले आणि वर्गात म्हणावं तसं म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण."

प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घटकेला तिला खंडेरावांचा राग सोमनाथपेक्षाही जास्त आला. सोमनाथनं जमीन घ्यायची ठरवली होती, ह्यांनी तिचं तोंडच घेतलं होतं. तिनं पर्स उघडली, फोन काढला, सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"बोल ताई," सोमनाथचा आवाज आला.

"सोमनाथ," ती म्हणाली. "काही नाही. असंच, सहज केला होता फोन."

अजिनाथ सर तर टाळी वाजवायचेच बाकी राहिले. खोली पुन्हा हसली. त्या हसण्यानंच ती सावरली असं म्हणायला पाहिजे, कारण प्रेमानं कोणी धीर दिला असता तर ती नक्की रडली असती. तिनं टेबलाची कड धरली.

"सहज नाही केला," ती म्हणाली. "रस्त्याच्या शेतात माझा हिस्सा आहे. तो मला पाहिजे. सोमवारी मी हक्कसोडीवर सही करणार नाही."

आणि ती गप्प बसली.

पलीकडं पाण्याची मोटर चालू होती, तिचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला, कोणीतरी केला असावा. या बाजूला खोलीत कोणी हसत नव्हतं. प्रेरणाच्या तोंडात शब्द जमत होते, अरे रागावू नको, अरे अर्धाच दे, अरे माझं असं म्हणणं नव्हतं. ते तिनं दातांखाली धरून ठेवले. इतकी वर्षं लोकांना गप्प बसा म्हणताना त्याला एवढं बळ लागतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

"ताई?" शेवटी सोमनाथच बोलला. "कोनी शिकवलं तुला हे? पाव्हण्यानं?" ती गप्प. "अगं, तुला कमी काय केलं आपन? लग्न केलं ना?" ती गप्प. मागून आवडाबाईंचा आवाज आला, "काय मनतीय ती?" सोमनाथ म्हणाला, "हिस्सा मागतीय." त्यानंतर आवडाबाईंचा आवाज आलाच नाही.

"बरं," सोमनाथ म्हणाला, आणि आता त्याचा आवाज घोगरा होता. "जे बोलायचं ते सोमवारी सिल्लोडला ये आन मायच्या तोंडावर बोल. फोनवर लई हुशार सगळे." फोन कट झाला.

प्रेरणानं फळा पुसला. "उरलेलं पुढच्या शनिवारी," ती म्हणाली आणि कोणाकडं न बघता पर्स उचलली. खंडेराव दारातच उभे होते. तिला वाटलं, आता हा माणूस काहीतरी मोठेपणाचं बोलेल, आणि बोलला तर ती त्याच्या तोंडावर थुंकणार होती. त्यांनी फक्त वाट दिली.

सोमवारी सिल्लोडच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर नेहमीसारखी गर्दी होती. दस्त लिहिणाऱ्यानं कागद तयार ठेवला होता. सोमनाथ इस्त्रीच्या कपड्यात होता. आवडाबाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर दुकानाची पिशवी, पिशवीत साडी. खंडेराव साक्षीदार म्हणून आले होते आणि आवारातल्या कट्ट्यावर बसून होते.

"माय, सांग तिला," सोमनाथ म्हणाला.

आवडाबाई नुसत्या बघत होत्या, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. आईपुढं मागणीची भाषा तिच्यापाशी नव्हतीच. आईनं स्वतः भावांना सही करून दिली होती, आजीनं दिली होती. इथं नियम काय कामाचे? पण दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तिनं नियमच पाळले.

"माय, मला माझा हिस्सा पाहिजे," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."

ती गप्प राहिली. सोमनाथ मात्र राहिला नाही. त्यानं ती शिकलेली आहे म्हणून शिव्या दिल्या, मग तिच्या नवऱ्याला दिल्या, मग बापाचं नाव काढलं, मग म्हणाला, "निम्म्याला तरी तयार हो." ती काहीच बोलली नाही. मग तो म्हणाला, "कोर्टात ये." ती तरीही काही बोलली नाही. लोक थांबून बघायला लागले. शेवटी त्यानं दस्त लिहिणाऱ्याच्या हातातला कागद हिसकावला, चुरगळला आणि म्हणाला, "घे तुझी जमीन. मोजनी लाव, घे. मी मेलो तुला."

तेव्हा आवडाबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून साडी काढली. मोरपंखी होती, खरोखरच तिच्या आवडीचा रंग. ती त्यांनी प्रेरणाच्या हातावर ठेवली.

"घे," त्या म्हणाल्या. "माहेरची शेवटची."

आईनं साडी दिली की पाया पडायचं, ही सवय विचार करून येत नाही. प्रेरणा वाकली. तिचे हात पोचायच्या आत आवडाबाईंनी पाय मागं घेतले. मग त्या सोमनाथच्या गाडीकडं चालायला लागल्या, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवत, आणि गाडीत बसल्यावर त्यांनी काच वर करून घेतली.

कट्ट्यावरून खंडेराव उठले. सहीच झाली नव्हती, तर साक्षीदाराचं काम नव्हतं. त्यांनी धोतर झटकल्यासारखी पँट झटकली आणि प्रेरणाच्या शेजारून निघून गेले. त्यांनी सगळं पाहिलं होतं. लहानपणी त्यांचा बाप तिनं पाहिला होता, आज तिची आई त्यांनी पाहिली.

जमीन मिळाली की माणसाला आनंद व्हावा. प्रेरणाला झाला नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून रडली, आणि शेजारच्या बाईनं काय झालं विचारलं तर तिच्यावर खेकसली. घरी नवरा म्हणाला, "चांगलं केलंस." तिला त्याचाही राग आला. ज्यानं काही गमावलं नाही त्यानं चांगलं-वाईट सांगू नये असं तिचं म्हणणं. पण सही केली असती तर बरं झालं असतं, असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही. वाटून बघितलं, वाटेना.

शनिवारी ती वसतिगृहात गेली ती मोरपंखी साडी नेसून. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. ही येणारच नाही म्हणून काहींनी चहासुद्धा सांगितला नव्हता. तिनं खुर्ची स्वतः उचलली, उन्हातून पंख्याखाली आणली आणि बसली.

"मागच्या वेळी अध्यक्षांचा फोन राहिला," ती म्हणाली. "खंडेराव, फोन लावा."

अजिनाथ सर खाली बघायला लागले. खंडेरावांनी खिशातून फोन काढला, नंबर शोधला, स्पीकर लावला आणि टेबलावर ठेवला. घंटी वाजायला लागली. वाजायला लागली ती प्रेरणाच्या पर्समध्ये.

कोणालाच काही कळेना. तिनं फोन काढला. पडद्यावर अनोळखी नंबर होता आणि तो कोणाचा हे सगळ्यांना दिसत होतं. तिनं तो उचलला. दोघं एकाच खोलीत, दहा पावलांवर, कानाला फोन न लावता समोरासमोर.

"ताई, मी खंडेराव बोलतोय," ते म्हणाले. त्यांनी तब्येत विचारली नाही, पाऊसपाणी विचारलं नाही. "रस्त्याच्या शेतात तुमाला हिस्सा मिळालाय. त्यातलं एक एकर आमच्या वसतिगृहाला पाहिजे."

आणि ते गप्प बसले. हात मांडीवर, मान ताठ, नजर तिच्यावर. केरबाच बांधावर बसला होता असं तिला वाटलं, फक्त घोंगडं नव्हतं.

काय माणूस म्हणावा हा! अजून मोजणी नाही, वाटणी नाही, मागं घेतलेले आईचे ते पाय अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत, आणि हा एक एकर मागतो. तिला त्याचा मनापासून तिरस्कार वाटला. आणि त्याच वेळी तिच्यातल्या प्रशिक्षकाला दिसत होतं की मागणीत एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता. इतक्या वर्षांत तिच्या एकाही विश्वस्तानं असं मागितलं नव्हतं.

आता त्या गप्प बसण्याचं ओझं तिच्या बाजूला होतं. बाप इथंच ओरडायचा, बसव बाबा, बसव. तिच्या जिभेवर 'बघू' आलं होतं. तो शब्द तिनं गिळला.

"नाही," ती म्हणाली. मागणाऱ्याला हा शब्द ती आयुष्यात पहिल्यांदाच तोंडावर बोलत होती. "ती जमीन माझी आहे. आधी मी तिथं बसणार."

खंडेरावांनी तोंड पाडलं नाही.

"बरं," ते म्हणाले आणि फोन कट केला. मग चष्मा लावून त्यांनी एका मोठ्या ठेकेदाराचा नंबर काढला, स्पीकर चालूच ठेवला आणि पुढचा फोन लावला.